ज्या भिंतीत व्याज आहे

हाँगकाँग, रविवार, ११ मार्च २०१२

बापाक,

सलाम. तब्येत ठणठणीत असणार तुमची. भर उन्हात दिवसभर शेत निंदणाऱ्या माणसाला काय होतंय? तुतिकने फोनवर सगळं सांगितलं. माझ्या घराचं आढं चढवायच्या दिवशीच तुम्ही विळा घेऊन शेतावर गेलात. गवत नेमकं त्याच दिवशी वाढलं होतं वाटतं.

मी तिथे नव्हते, पण सगळं मला दिसतंय. आढ्याला बांधलेलं लाल-पांढरं कापड, टांगलेला केळ्यांचा घड, नारळ, खाली चटईवर बसलेले गावातले सगळे पुरुष. आणि दुआ म्हणायला पलीकडच्या वाडीतून उसना आणलेला इमाम. तुतिक म्हणाली, "म्बाक, तो इतक्या घाईत म्हणत होता, जणू त्याची गाडी सुटत होती." आपली धाकटी काही मनातलं ठेवत नाही, तुम्हाला माहीतच आहे.

आपल्या सुम्बेरेजोत कुणाचं बाळ जन्मो, कुणाचं लग्न असो, कुणी जावो, स्लामेतानच्या पंगतीत भाताभोवती सगळे बसले की दुआ पाक मुकिरानचीच. कोंबडी कुणाचीही असो, आवाज तुमचा. गावात एकच घर असं निघालं जिथे तुमचा आवाज गेला नाही. ते पोटच्या पोरीचं.

तुमचा निरोप तुतिकने शब्दन् शब्द सांगितला. "तिला सांग, घर छान होतंय. मी बाहेरून बघतो. ज्या भिंतीत व्याज आहे, तिथून माझी दुआ वर चढत नाही."

बापाक, गावचा कारभार बघणाऱ्या लुराहने भाताची गिरणी घातली ती कर्ज काढून. त्या बँकेचा साहेब स्वतः फीत कापायला आला होता. तिथे तुमची दुआ झरझर वर चढली, आणि माझ्या आढ्याशी येऊन अडली?

मी बँक निवडलीच नव्हती. इथे यायच्या आधी एजंटाच्या छावणीत आम्ही कँटोनीज घोकत बसलो होतो, एक दिवस निळ्या सदऱ्यातला माणूस आला, सगळ्या पोरींच्या सह्या घेतल्या आणि गेला. पोरींनो, व्याज चालतं का, असं कुणी विचारलं नाही. केस कापू का, हेही कुठे विचारलं होतं? दोन्ही एकाच दिवशी झालं. पुढे कळलं की निळ्या बँकेची खिडकी इथे बागेजवळच आहे आणि तिकडे आपल्या बाजारात खताच्या दुकानाशेजारी. तुमची कारभारीण, आमची माक, चालत जाते, तिथला माणूस तिला नावाने ओळखतो. याहून जास्त मी कधी काही बघितलं नाही.

भिंतीत काय आहे ते मला विचारा. मी एका म्हातारीला आंघोळ घालते, भरवते, कुशीवर वळवते, तिच्या शिव्या ऐकते. पोपो म्हणतात तिला इथे, म्हणजे आजी. अंथरुणाला खिळून तिला चौथं वर्ष चाललंय आणि तिच्या पाठीवर एक जखम नाही. डॉक्टर येतो तेव्हा नर्सला माझ्याकडे बोट दाखवून सांगतो, हिच्याकडून शिका. ते आहे त्या भिंतीत.

मी तुम्हाला बोलवत नाहीये. फक्त कळवतेय. कौलं, दारं, खिडक्या झाल्या की घरभरणीचा स्लामेतान होईल आणि दुआ तुम्ही म्हणाल. दुसऱ्याची मला चालणार नाही. तोवर त्या घरात कुणी निजायचं नाही, कुणी चूल पेटवायची नाही. माकला बजावून ठेवलंय. घर वर्षभर कुलपात राहिलं तरी चालेल. हट्टीपणा मी काही बाजारातून विकत आणलेला नाही.

विन

हाँगकाँग, रविवार, २२ एप्रिल २०१२

बापाक,

उत्तर नाही आलं. ठीक आहे. माझ्याकडे कागद भरपूर आहे.

तुमच्या भिंतीतल्या व्याजाची गोष्ट मी आमच्या चटईवर सांगितली. रविवारी आम्ही बागेत जमतो, पूर्व जावाच्या बायका एका कडेला. यात्मी पेचेल करून आणते, मी तळलेलं तेम्पे, आणि मग दिवसभर तोंडं चालू, खायला आणि बोलायलाही. खोम्सातुन आमच्यातली सगळ्यात धार्मिक, कुराणाचा वर्ग तीच घेते. ती लगेच म्हणाली, "तुझे वडील बरोबर आहेत. हिरव्या बँकेत खातं काढ."

हिरवी म्हणजे शरिया बँक. पाटीच्या रंगावरून आम्ही तिला हिरवी म्हणतो.

यात्मी म्हणाली, "बँकेचा धर्म नाही बघत मी, रांग बघते. आठवड्यातून एक सुट्टी, ती काय उभ्याने घालवू?"

"वरती रांग नसते गं. तिथे एकेकीला वेगळं विचारतात."

"विचारू देत. सांगेन, माझा पगार मालकीणबाई टाकतात, त्यांना पकडा."

मध्य जावातल्या चिलाचापची एक नवी मुलगी आमच्यात येऊन बसली होती, ती हळूच म्हणाली, "हिरव्या बँकेत अर्ज अरबीत भरावा लागतो ना?" दुसरीला वाटत होतं की तिथे फक्त हजला जाऊन आलेल्यांनाच घेतात. तिसरी म्हणाली, तिच्या गावी हिरवी बँकच नाही, मग पैसा काय कबुतराने पाठवू? हसून हसून पेचेलची चटणी सांडली माझ्या पायजम्यावर.

आणि बघा योग. गेल्या रविवारी हिरव्या बँकेचेच लोक बागेत आले. तंबू, छत्र्या फुकट, प्रवचन देणारा एक उस्ताद माइकवर. टेबलामागे एक मुलगी होती, आपल्या शेजारच्या मादिउनची. मी तुमची मुलगी, सरळ जाऊन तिच्यासमोर बसले.

"व्याज देत नाही, मग काय देता?"

"नफ्यातला वाटा, म्बाक."

"आणि तोटा झाला तर?"

ती हसली. "झालेला मी तरी अजून पाहिला नाही."

मागून यात्मी ओरडली, "मग हे व्याजच की! फक्त डोक्यावरून ओढणी घेतलेलं!"

मला वाटलं पोरगी रागावेल. पण ती म्हणाली, "फरक काय ते आमचे मोठे साहेब तासभर समजावतात. मला त्यातलं एवढं पक्कं कळलंय, की आमच्याकडे ठेवलेला पैसा दारूच्या कारखान्याला जात नाही, आणि सावकारीलाही जात नाही. बाकीचं मीही शिकतेय."

मला तिचं बोलणं आवडलं. येत नाही ते येत नाही म्हणाली. मी सही केली. निळ्या बँकेतलं होतं नव्हतं ते सगळं उचलून हिरवीत टाकलं. छत्री घेतली नाही. यात्मीने घेतली, खातं न काढता.

तर बापाक, झालं तुमच्या मनासारखं. आता पांढरी टोपी धुऊन ठेवा.

विन

हाँगकाँग, रविवार, १० जून २०१२

बापाक,

आज मी चिडलेली आहे, आधीच सांगून ठेवते.

हिरवी बँक आपल्या बाजारात नाही, ती थेट पोनोरोगो शहरात. हे मला ठाऊक होतं, पण माकला मिनीबसने जावं लागेल हे विसरले. आणि माक गेली ती शुक्रवारी! बँक नमाजासाठी बंद. ती दोन तास पायरीवर बसली. उघडली तेव्हा तिच्यापुढे ही रांग, आणि नंबर लागला तेव्हा कसला तरी कागद कमी. शेवटची गाडी पकडून हात हलवत परत आली. मी फोनवर बँकेला नावं ठेवायला लागले तर म्हणते, "किती गोड बोलतात गं तिथल्या पोरी! पाणी दिलं, आदराने इबू-इबू केलं. चिडायचं राहूनच गेलं माझं."

इकडे मजुरी थकली म्हणून पाक बोनारी गवंडी आपली माणसं घेऊन दुसऱ्याच्या कामावर गेला. पंधरा दिवस माझं घर अर्ध्या कौलांनी उभं होतं आणि येणारा-जाणारा विचारत होता, की विनचं हाँगकाँग संपलं काय? ते ऐकून मला इथे जेवण गेलं नाही.

आता मी अर्धे पैसे हिरवीत ठेवते आणि घरचे पाठवते निळीतून. खोम्सातुनला सांगितलं तर तिने स्वतःचं निळं पासबुक पुढे केलं. तिचंही तसंच आहे. सगळ्यांचंच तसं आहे, बापाक. मनातून हिरवी आणि पायाखाली निळी. तुम्ही आम्हाला ढोंगी म्हणा. तुमच्या वाडीत हिरवी बँक आणून दाखवा, मग म्हणा.

आणि एवढं करून तुमचा निरोप काय? "बँक बदलली, पैसा तोच. आधीचं व्याज आतच आहे." म्हणे ते मोजून बाहेर काढायचं. मशिदीला द्यायचं नाही, अनाथांना द्यायचं नाही, कुणाच्या तोंडात जाईल असं काही करायचं नाही. संडास बांधायला नाहीतर गटार काढायला द्यायचं.

मी तुतिकला म्हटलं, बापाकना विचार, लुराहच्या गिरणीचं काय मग? त्यालाही संडास बांधायला लावला का? तुतिक फोन धरून तुमच्याकडे गेली. तुमचा आवाज मला लांबून ऐकू आला. चार वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही म्हणालात, "गिरणी त्याची, जाब त्याचा तो देईल. ही माझी आहे. हिचं मला विचारतील."

फोन मी ठेवला नाही, तो कटला. बॅटरी संपली होती.

चिडलेच आहे मी अजून. तुमचं म्हणणं मला पटतं, याचाच जास्त राग येतो. आणि हो, करार मी अजून दोन वर्षं वाढवलाय. पोपोला माझ्याशिवाय चालत नाही. दुसरं काही कारण नाही.

विन

हाँगकाँग, रविवार, २६ ऑगस्ट २०१२

बापाक,

ईद मुबारक. चुकलं-माकलं पोटात घाला. यंदा ईद रविवारी आली, म्हणून आम्हा सगळ्यांना रजा न मागता नमाज मिळाली. बाग पांढरी झाली होती. माझ्या चुका तुम्ही माफ केल्यात असं धरून चालते. तुमच्या मी केल्या आहेत, गिरणीची सोडून.

आता ऐका, बसून ऐका. आज मी निळ्या बँकेच्या खिडकीवर गेले आणि म्हटलं, मला आजवर मिळालेलं व्याज सांगा, सगळं. तिथला पोरगा चकित झाला. म्हणाला, "म्बाक, लोक येतात ते व्याज कमी का म्हणून भांडायला." मग त्याने यंत्रावर बघितलं, बराच वेळ बघितलं आणि खाली मान घालून सांगितलं. खातं सांभाळायचे म्हणून बँक दर महिन्याला जे कापत होती, ते मिळालेल्या व्याजापेक्षा जास्त होतं. कार्डाचे वेगळे.

मी त्या रांगेत उभ्याने हसत सुटले. पहारेकरी बघायला आला.

बापाक, व्याज खाल्लं कुणी? मी नाही. उलट बँकेनेच मला खाल्लं! माझ्या भिंतीत बँकेचं काही नाही, बँकेच्याच भिंतीत माझ्या दोन-चार विटा असतील. यात्मी तर चटईवर लोळली. म्हणाली, "विन, तुझ्या वडलांना सांग, आता बँकेनेच तुमच्या गावात संडास बांधायला हवा!"

तेव्हा विषय संपला. कौलं पुरी झाली, दारं लागली, पाक बोनारीने पुढच्या खांबांना हिरवा रंग दिलाय, हिरव्या बँकेसारखा नाही, कोवळ्या भाताच्या लोंबीसारखा. किल्ली माककडे आहे. दिवस सांगा.

विजयी विन

हाँगकाँग, रविवार, ३० सप्टेंबर २०१२

बापाक,

तुमचं पत्र आलं. पोपोच्या मुलाने ते पेटीतून काढून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "काही वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, नाही, वडलांचं अक्षर आहे.

किती महिन्यांनी लिहिलंत, आणि काय लिहिलंत! "कापलेलं वेगळं, मिळालेलं वेगळं. कापलं तो त्यांचा गुन्हा. मिळालं ते तुझं नव्हे. काढ." खाली सलामही नाही.

मी ते चटईवर वाचून दाखवलं. वाटलं, सगळ्या हसतील. कुणी हसलं नाही. यात्मीसुद्धा नाही. खोम्सातुनने कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाली, "विन, पोरीचं कौलारू घर तयार आहे, सगळं गाव जेवायला टपलंय, हा माणूस तिथे नुसता जाऊन बसला असता तरी कुणी बोट ठेवलं नसतं. आणि हा त्या चिमूटभर व्याजासाठी अडून बसलाय. असा माणूस आमच्या गावात नाही."

बापाक, मी सात महिने तुमची गाऱ्हाणी त्या चटईवर मांडतेय. पण त्या क्षणी माझी छाती अशी फुगली! मी म्हटलं, हो, आमच्याही गावात एकच आहे.

माझं व्याज मोजून काढलं. त्यात संडासाचा दरवाजासुद्धा येत नाही, कडी येईल फार तर. तसं मी बोलून गेले. तर यात्मी पर्स उघडून म्हणाली, "माझंही घे." मी म्हटलं, तू कधीपासून देवभोळी झालीस? ती म्हणाली, "देवभोळी नाही. पण हे पैसे मला पण कुठेतरी खुपत होते, आणि द्यायचे कुणाकडे ते कळत नव्हतं. आमच्या गावच्या इमामाकडे दिले तर त्याचा मुलगा मोटरसायकल घेईल. तुझ्या बापाकडे दिले तर संडासच होईल."

मग एकेक करत सगळ्या. पुढच्या रविवारी शेजारच्या चटयाही आल्या. खोम्सातुनचं निघालं, त्या चिलाचापच्या मुलीचं निघालं. खिडकीवरच्या पोराने डोक्याला हात लावला, अख्ख्या बागेला व्याज मोजून पाहिजे होतं. सगळं मिळून आता दोन मोऱ्या, दोन संडास आणि पाण्याची टाकी होईल असं पाक बोनारी म्हणतो.

जागा मी सुचवते. बाजारात मिनीबस थांबते तिथे. डोंगरावरच्या बायका भाजी घेऊन पहाटे येतात, दुपारपर्यंत त्यांना जायला जागा नसते. माकला विचारा, ती सांगणार नाही लाजून, पण विचारा.

पैसे निळ्या बँकेत येतील, दुसरा मार्ग नाही. ते काढायला तुम्हालाच जावं लागेल. सगळ्या बायकांची तीच एक अट आहे. पैशाला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये, फक्त पाक मुकिरानचा.

विन

हाँगकाँग, रविवार, १८ नोव्हेंबर २०१२

बापाक,

घाईत लिहितेय, पोपोला खोकला आहे.

तुतिकने सगळं सांगितलं आणि आमची चटई आठवडाभर त्यावर जगली. निळ्या बँकेच्या दारात तुम्ही चपला काढून आत गेलात! पहारेकरी मागे धावला, "पाक, चपला घाला, ही मशीद नाही." आणि तुम्ही म्हणालात, "ठाऊक आहे. फरशी पुसलेली आहे, पुसणाऱ्या बाईचे कष्ट आहेत." मी हे सांगितलं तेव्हा यात्मी उठून उभी राहिली. तीही फरश्या पुसते ना.

पाक बोनारीबरोबर तुम्ही स्वतः खड्डा खणताय असंही कळलं. या वयात कशाला? खणा. मला काय!

बायकांचं म्हणणं, भिंतीवर एक पाटी हवी. 'हाँगकाँगमधल्या कष्टकरी बायकांकडून' एवढंच. तुम्ही नाही म्हणालात. "हे दान नाही, नकोसं टाकून देणं आहे. टाकलेल्यावर नाव घालत नाहीत." यात्मी जरा फुगली, पण खोम्सातुनने समजूत काढली. शिवाय पाटीची गरजच उरली नाही. तुतिक सांगत होती, बाजारातल्या भाजीवाल्या आत्तापासूनच एकमेकींना म्हणतात, "जरा टोपलीवर लक्ष ठेव गं, मी हाँगकाँगला जाऊन येते."

विन

हाँगकाँग, रविवार, १३ जानेवारी २०१३

बापाक,

आज स्लामेतान झाला आणि मी लगेच लिहायला बसले आहे, बागेतच, मांडीवर वही ठेवून. अक्षर वाईट येईल.

रविवार तुम्ही निवडलात. माकने सांगितलं की म्हातारी माणसं कुरकुरली, हा वार घरभरणीला चांगला नाही, पंचांगात बसत नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "तिला सुट्टी रविवारी असते." आणि वेळही दुपार कलतानाच्या, अस्रच्या नमाजानंतरची, म्हणजे मला उजेडात ऐकता येईल. हे तुम्ही मला कळवलं नाहीत, मला माककडून कळलं. तुमचं सगळं मला दुसऱ्यांकडूनच कळतं.

तुतिकने फोन तुमच्या चटईजवळ ठेवला होता. इकडे माझा फोन मोठ्या आवाजात चटईच्या मध्यावर, आणि भोवती आम्ही सगळ्या. शेजारच्या चटयाही आल्या. माणसं येऊन बसण्याचा आवाज आला, कुणाचा तरी खोकला, पाक बोनारीचं हसणं. मग तुमचा आवाज. सगळ्या बायका गप्प झाल्या. यात्मी गप्प झालेली मी पहिल्यांदा पाहिली.

मला माहीत होतं तुम्ही काय म्हणाल. दुआच्या आधी यजमानाचं नाव घ्यायचं असतं, आणि आपल्याकडे ते घरातल्या पुरुषाचं घेतात. मी मनाची तयारी केली होती. पाक मुकिरानच्या नव्या घराच्या निमित्ताने, असं कुणीतरी म्हणणार, आणि गाव मान डोलावणार. मला त्याचं काही नव्हतं. तुम्ही आत आलात, एवढं मला पुरे होतं.

आणि तुम्ही म्हणालात, मी जसंच्या तसं लिहितेय:

"मंडळी, तुम्ही माझ्या घरी आला नाहीत. माझं घर पलीकडे आहे, तुम्हाला माहीत आहे. मीही तुमच्यासारखाच इथे पाहुणा आहे. हे घर विनार्सिहचं. विनार्सिह, मुकिरानची मुलगी. या घरात जे तिचं नव्हतं, ते तिने मोजून बाहेर काढलं, त्यावर मी कुणाचं नाव घालू दिलं नाही. आता जे उरलंय, ती वीट अन् वीट तिची आहे. म्हणून नावही तिचंच घेणार."

मग तुम्ही दुआ सुरू केलीत. तुमच्या प्रत्येक थांब्यावर तिकडून पुरुषांचं "आमीन" आलं आणि इकडून आमचं. बागेतून चालणारी चिनी माणसं थांबून बघत होती. खोम्सातुन रडत होती, चिलाचापची पोर रडत होती. मीही रडले, बापाक. लपवत नाही. आवाज यायला नको म्हणून ओढणी तोंडात धरली होती, तुतिकच्या फोनवर ऐकू गेलं असेल तर माहीत नाही.

संपल्यावर यात्मी उठली, चटईवरच्या सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ऐकलंत? आमच्या विनचं घर आहे. कुणी उसासे टाकू नका, ताटं घ्या." आम्हीही जेवलो. मी पिवळा भात केला होता, कोंबडी केली होती, इथल्या मापाने छोटीशी पंगत.

आत्ता माकचा फोन येऊन गेला. म्हणाली, "तुझे बापाक सगळ्यांबरोबर जेवले, आणि वाटणीचा डबाही घरी घेऊन आले, आणि तोही उघडून बसलेत. म्हणतात, मीठ कमी पडलंय."

बापाक, स्वयंपाक माकने केला होता. ते तुमचं तुम्ही बघून घ्या. पण चूल आज पेटली. आजपासून ज्याला त्या घरात निजायचं असेल त्याने निजावं. पुढची खोली, खिडकीची, तुमची आहे. येऊन राहा अशी विनंती मी करत नाही. पाहुणे म्हणालात ना स्वतःला, मग पाहुण्याला बोलवायचा मान माझा. या.

तुमची मुलगी, त्या घराची मालकीण,
विनार्सिह